किनाऱ्याची वहिवाट

नकाशात नाशिकवर बोट ठेवून ते सरळ पूर्वेकडे सरकवीत नेले, आणि बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, हैनानचे बेट ही सारी ओलांडून पॅसिफिक महासागराच्या निळाईत पुष्कळ वेळ काहीही हाती न लागले तरी धीर न सोडता पुढे रेटले, तर ज्या पहिल्या मोठ्या भूमीवर ते टेकते ती भूमी म्हणजे हवाई बेटाचा वायव्य किनारा होय. अक्षांश तोच, सुमारे २०. सूर्यही वर्षातून दोनदा तसाच ऐन माथ्यावर येणारा. आणि पायांखालचा दगडही तोच काळा बसाल्ट. अंतर आहे ते वयाचे. आपल्या सह्याद्रीचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर कोना येथील ज्या खडकावर आमचे विमान उतरले तो सन १८०१ मध्ये हुआलालाई पर्वतातून रसरूपाने वाहत आलेला. म्हणजे पुण्यात पेशवाई अद्याप नांदत होती त्या काळचा.

उभी हयात महसूल खात्यात काढलेल्या माणसाच्या पत्रिकेत असल्या विलासस्थानी जाण्याचा योग सहसा नसतो. माझ्या बाबतीत तो कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या मुलीने जुळवून आणला. नात सोळा वर्षांची, नातू तेरा. यापुढे ही दोघे आपल्याबरोबर सुटीला येतील याची शाश्वती नाही, तेव्हा येत आहेत तोवर जाऊन यावे, असा तिचा आणि जावयांचा विचार. या वयाची मुले बरोबर घेऊन प्रवास करणे म्हणजे दोन स्वतंत्र संस्थानांशी तह करून स्वारीला निघण्यासारखे आहे. तहाची कलमे विमानतळावरच ठरली: जेवणाच्या मेजावर फोन आणावयाचा नाही, सकाळी कोणी कोणास उठवावयाचे नाही, आणि दिवसातून एक गोष्ट मोठ्यांच्या मर्जीची व एक लहानांच्या मर्जीची, अशी वाटणी राहील. यांपैकी दुसरे कलम सर्वांच्या आधी मोडले, आणि तेही मुलांकडूनच. कॅलिफोर्नियाचे घड्याळ उन्हाळ्यात हवाईच्या तीन तास पुढे असल्यामुळे जी मुले घरी सुटीच्या दिवशी दहापर्यंत अंथरूण सोडीत नाहीत, ती येथे काळोखातच टक्क जागी होऊन समुद्रावर जाण्याची घाई करू लागली. किशोरवयीन मुलांच्या आईबापांना हा काळभेद हवाईच्या सृष्टिसौंदर्याइतकाच मोलाचा वाटावा.

विमानातच एक छापील नमुना हाती पडला. त्यात आपण कोणती फळे, बियाणे, रोपे, प्राणी बरोबर आणीत आहोत याचा तपशील भरून द्यावा लागतो, आणि परतताना सामान शेतकी खात्याच्या तपासणी यंत्रातून जाते. जावयांना ही तसदी वाटली. मला मात्र या एकाकी बेटांच्या संदर्भात ती अत्यंत रास्त वाटली, आणि तिचे कारण दुसऱ्याच दिवशी हॉटेलच्या हिरवळीवर तुरुतुरु धावताना दिसले. ते होते आपल्याकडचे मुंगूस. उसाच्या मळ्यांतील उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून मळेवाल्यांनी सन १८८३ मध्ये ही जात जमैकाहून येथे आणविली. जमैकात ती त्याच्या आधी अकरा वर्षे कलकत्त्याहून गेली होती. परंतु उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, एवढी साधी गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. उंदीर होते तेथेच राहिले, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला. नातवाने त्याचे छायाचित्र काढून मित्रांना पाठविले व खाली ‘आमचे गाववाले’ असे लिहिले.

विमानतळापासून उत्तरेकडे जाणारा राणी काआहुमानूच्या नावाचा रस्ता मैलोगणती काळ्या लाव्हाच्या मैदानातून जातो. कोठे हा लाव्हा दोरखंडासारख्या वळ्या घेऊन थिजलेला, तर कोठे नांगरटीच्या ढेकळांसारखा फुटून अणकुचीदार झालेला. झाड नाही, सावली नाही. मधूनमधून रानटी झालेल्या शेळ्या तेवढ्या दिसतात. रस्त्याच्या कडेने या काळ्या पाटीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पांढऱ्या प्रवाळाचे खडे मांडून आपली व आपल्या प्रियजनांची नावे लिहून ठेवली आहेत. वृष्टीचे मान येथे वर्षाला १० इंचांच्या आत, आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगास, हिलो येथे, सुमारे १२० इंच. ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचे पाणी मौना केआ आणि कोहाला हे पर्वत पलीकडेच उतरवून घेतात, आणि अलीकडे कोरडे आकाश उरते. महाबळेश्वरी भिजून वाईस उतरलेल्या माणसाला याची अधिक फोड करून सांगावयास नको.

याच कोरड्या आकाशावर येथील सर्व धंदा उभा आहे. पाऊस नाही म्हणून पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना हिरवळ हवी म्हणून पाणी आणावे लागते. या व्यवहाराचा आरंभ लॉरन्स रॉकफेलर यांनी केला. सन १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्याच सुमारास तेथील गव्हर्नरांनी त्यांना हॉटेलासाठी जागा पाहावयास बोलाविले, आणि कौनाओआच्या अर्धचंद्राकृती पुळणीवर पोहून वर आल्यावर त्यांनी जागा पसंत केली. सन १९६५ मध्ये तेथे मौना केआ बीच हॉटेल उघडले. गोल्फचे मैदान करण्यासाठी लाव्हा भरडून त्याची माती करावी लागली. रॉकफेलर यांनी जमविलेल्या कलावस्तूंमध्ये दक्षिण भारतातून आलेली गुलाबी ग्रॅनाइटची एक बुद्धमूर्तीही आहे. हॉटेलच्या बागेत पायऱ्यांच्या माथ्यावर ती शांतपणे बसलेली असते, आणि पोहण्याचे कपडे घातलेली मुले तिच्यासमोरून पाणी निथळीत जातात.

आमचा मुक्काम मात्र तेथे नव्हता. तेथील दर ऐकूनच मी मुलीला हात जोडले. आम्ही दक्षिणेकडे, अनाएहोओमालूच्या उपसागरानजीक एका अलीकडच्या प्रशस्त हॉटेलात उतरलो होतो. खोल्या दोन, मध्ये दार. त्या दाराची कडी कोणाच्या बाजूने असावी यावर पहिल्या संध्याकाळी वाटाघाटी झाल्या. तलाव, घसरगुंड्या, उन्हात पसरलेल्या खुर्च्या, रंगीत पाक ओतलेला बर्फाचा भुगा, सर्व काही होते. खोलीच्या भाड्याखेरीज ‘रिसॉर्ट शुल्क’ नावाची एक निराळी रक्कम दररोज आकारली जाते, आणि तिच्या मोबदल्यात काय मिळते याची यादी वाचली असता त्यात टॉवेल व पिण्याचे पाणी आढळते. अशी बाब मी नोकरीत असताना कोणी जमाखर्चात दाखविली असती तर मी खुलासा मागविला असता.

तिसऱ्या प्रहरी आम्ही पुळणीवर बसलो असताना शेजारी एक मोठे कुटुंब येऊन दाखल झाले. आजीबाई, चारपाच पुरुष, पोरांचा तांडा, बर्फाच्या पेट्या, भाताचे मोठे पातेले, मासे पकडण्याचे गळ. हॉटेलच्या पाहुण्यांपैकी ते नव्हते, हे उघड होते. आणि पाहुण्यांची त्यांना काडीइतकीही पर्वा नव्हती. नातीने हळूच विचारले, “आजोबा, हे लोक इथे अलाऊड आहेत?”

प्रश्न महसुली होता, आणि उत्तर माझ्याजवळ तयार होते. कारण निघण्यापूर्वी मी स्थलवर्णनापेक्षा हवाईच्या जमीनधाऱ्याविषयीच अधिक वाचले होते. “पोरी,” मी म्हणालो, “ते अलाऊड आहेत. आपण इथे आहोत, हेच जरा विचारण्यासारखे आहे.”

पूर्वी प्रत्येक बेटाचे विभाग बहुधा डोंगरमाथ्यापासून थेट समुद्रापर्यंत उतरणाऱ्या उभ्या पट्ट्यांनी पाडलेले असत. अशा पट्ट्यास आहुपुआआ म्हणत. वर लाकूड, मध्ये शेती, खाली मासळी. म्हणजे एका पट्ट्यातील रयतेस बहुतेक गरजेचे सर्व त्याच हद्दीत मिळावे अशी योजना, आणि त्यावर सरदाराच्या वतीने देखरेख ठेवणारा एक कोनोहिकी. आपल्याकडे गावची शीव ओढा-नाल्यांवरून ठरे. ही शीव पाण्याच्या उताराबरोबर धावणारी. जमीन कोणाच्या मालकीची नव्हती. ती राजाच्या हाती, आणि कसणाराचा हक्क कसण्यापुरता. सन १८४८ मध्ये तिसऱ्या कामेहामेहाच्या कारकिर्दीत या सर्व जमिनीची राजा आणि सरदार यांच्यात वाटणी झाली, तिला ‘माहेले’ म्हणतात. दोन वर्षांनी रयतेलाही आपापल्या कसणुकीच्या जमिनीची मालकी मागण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी परकीयांना जमीन विकत घेण्याची मोकळीकही मिळाली. दावा दाखल करणे, साक्षी आणणे, मोजणीचा खर्च सोसणे, हे सर्व रोगराईने खचलेल्या लोकांना कितपत साधावे? अखेरीस सामान्य रयतेच्या पदरात एकंदर जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन पडली. मोजणीची साखळी आणि अर्जाची मुदत या दोन हत्यारांनी किती माणसे बेदखल होऊ शकतात, हे आमच्या खात्यातील माणसाने दुसऱ्याकडून ऐकण्याचे कारण नाही.

समुद्राची कड मात्र या वाटणीतून निसटली, आणि ती कशी निसटली ही हकिकत मला त्या साऱ्या प्रवासातील सर्वांत रसाळ वाटते. सन १९६८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मोलोकाई बेटावरील एक जमिनीचा वाद आला. जुन्या सनदेत हद्द ‘समुद्राच्या बाजूने’ एवढीच लिहिलेली. मालक म्हणत, भरतीच्या सरासरी रेषेपर्यंत आमचे. सरकार म्हणे, लाटा जेथवर धाव घेतात आणि जेथे वनस्पती उगवू लागतात तेथवर किनारा सर्वांचा. न्यायालयाने मोजणीदारांच्या आकड्यांपेक्षा त्या गावच्या जुन्या, माहीतगार लोकांच्या जबानीला अधिक वजन दिले, आणि सरकारचे म्हणणे मान्य केले. कागद अपुरा पडला असता वहिवाटीचा पुरावा बोलतो, हे तत्त्व आपल्या चावडीवरही चालत आले आहे; पण पाच-पन्नास कोटींच्या हॉटेलांच्या दारात ते इतक्या ठामपणे उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. त्या निकालानंतर ही रेषा कायद्यातही आली. म्हणून येथील हॉटेलांना पुळणीवर मालकी सांगता येत नाही, आणि लोकांना यावयास वाट व गाड्या उभ्या करावयास जागा द्यावी लागते.

नातीला हे इतके पटले की तिने लगेच ती रेषा शोधावयास आरंभ केला. पुळणीच्या वरच्या कडेस नौपाका नावाचे एक झुडूप असते. पाने जाड, रसरशीत, फूल पांढरे आणि निम्मेच, जणू कोणी मधोमध फाडून दुसरा भाग लपविला आहे. ताटातूट झालेल्या प्रेमिकांची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. परंतु माझे औत्सुक्य वेगळे होते. हद्द जर वनस्पतीच्या रेषेने ठरत असेल, तर पाणी घालून झुडपे समुद्राकडे वाढवीत नेली की हद्दही पुढे सरकणार नाही काय? ही युक्ती बेटांवरील काही किनारी मालकांना आमच्याही आधी सुचली होती, आणि पुळणीत झाडे वाढवून लोकांची वाट अडविण्यास मनाई करणारा कायदा तेथे करावा लागला. अतिक्रमणाची बुद्धी जगात सर्वत्र सारखीच आहे.

पुळणीमागेच दोन जुनी मत्स्यतळी आहेत, कूउआलिई आणि काहापापा. सरदारांच्या भोजनासाठी येथे मासे वाढवीत. तळे आणि समुद्र यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पाटाच्या तोंडावर लाकडी काठ्यांची उभी जाळी बसविलेली असते. नातू पाटाच्या कडेला पालथा पडून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. भरतीबरोबर बोटभर लांबीची पिले जाळीच्या फटींतून आत येतात, तळ्यातील शेवाळावर पोसतात, आणि वाढून मोठी झाली की फट त्यांना पुरत नाही. समुद्राचे पाणी आत येऊ लागले की ती मोठी मासळी जाळीशी गर्दी करते, आणि हवी तेवढी उचलून घेता येते. ना गळ, ना पाठलाग. हे नातवाला इतके आवडले की पुढचे दोन दिवस हॉटेलातील घसरगुंडीचे नाव निघाले नाही. त्याच्या आईने मात्र जाळीकडे आणि मग दोन्ही मुलांच्या उंचीकडे पाहून एक दीर्घ निःश्वास टाकला.

लहानांच्या मर्जीची गोष्ट म्हणून एका रात्री मांटा मासे पाहणे झाले. मुले, मुलगी आणि जावई दिवे लावलेली फळी धरून पाण्यावर पालथे तरंगत राहिले. मी कौनाओआच्या टोकाशी खडकावर उभा. हॉटेलच्या दिव्याचा झोत तेथे पाण्यात सोडलेला असतो, प्रकाशाला प्लवक म्हणजे सूक्ष्म जीव जमतात, आणि ते खाण्यास हे मासे येतात. पंखांचा विस्तार १० ते १२ फूट, नांगी नाही, दात दाखविणे नाही. तोंड उघडून ते उजेडातून उलटे होत, पांढरे पोट वर करीत, पुनःपुन्हा त्याच जागी वळसे घेतात. त्या पोटावरील काळ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी असल्याने तेथील अभ्यासक प्रत्येक माशाची ओळख पटवून नोंद ठेवतात. नात पाण्यातून वर आली तेव्हा तिचे दात थंडीने वाजत होते, आणि ती सलग दहा मिनिटे, फोन हाती न घेता, मराठीत बोलत होती.

आमच्या वाट्याच्या गोष्टींपैकी पूउकोहोला येथील देवस्थान मला विशेष वाटले. पुढे सर्व बेटे एका छत्राखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहाने, युद्धदेवतेचे असे स्थान बांधल्यास दिग्विजय होईल या भाकितावरून, सन १७९०-९१ मध्ये ते उभारले. चुना नाही, माती नाही. समुद्राच्या पाण्याने गुळगुळीत झालेले दगड माणसांच्या रांगेने हातोहात, परंपरेप्रमाणे वीस मैलांहून अधिक दूरच्या पोलोलू खोऱ्यातून, आणले गेले. स्थान पुरे झाल्यावर त्याचा प्रतिस्पर्धी चुलतभाऊ केओउआ बोलावण्यावरून आला, आणि किनाऱ्यावर उतरताच मारला गेला. नातवाने अफझलखानाची आठवण काढली. मी त्यास एवढेच सांगितले की तेथे आलेला पाहुणा आपले मरण जाणून आला होता असे तेथील लोक सांगतात.

एका मेजवानीत जमिनीतील भट्टीत भाजलेले डुकराचे मांस होते आणि पोई नावाची जांभळट, आंबूस लापशी होती. ती अळूच्या कंदाची, म्हणजे आपल्या अळकुड्यांची. उकडून, कुटून, पाणी घालून केलेली. आरंभीच्या दर्यावर्दी पॉलिनेशियनांनी अळू आपल्या होड्यांतून येथे आणला. हवाईयन परंपरेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे: आकाशपुरुष वाकेआचे एक मूल मृत जन्मले, त्याला पुरले तेथून अळू उगवला, आणि पाठचे मूल हा पहिला माणूस. पोई माझ्या नातवंडांनी एकेक चमचा खाऊन बाजूस सारली. अळूच्या पानांत गुंडाळून वाफविलेला पदार्थ मात्र नातीने दोनदा घेतला, आणि ‘आजीची वडी याहून चांगली’ असा शेराही मारला.

किनाऱ्यावर कोठेही बसले तरी पाठीशी मौना केआचा ४,२०७ मीटरचा माथा असतो आणि त्यावर दुर्बिणींचे पांढरे घुमट. तेथे योजलेल्या ३० मीटर व्यासाच्या दुर्बिणीत भारताचाही भाग आहे, आणि त्या कामी पुण्याची आयुका ही संस्थाही गुंतलेली आहे. जुलै २०१९ मध्ये हवाईयन वृद्धांनी वर जाणाऱ्या रस्त्यावर ठाण मांडले. हा डोंगर आमचा पूज्य आहे, त्यावर आणखी बांधकाम नको, असे त्यांचे म्हणणे. नातीला हे सर्व फोनवरील चित्रफितींतून ठाऊक होते आणि ती निःसंशय वृद्धांच्या बाजूची. जावई अभियंते, म्हणून दुर्बिणीच्या बाजूचे. वाद रात्री उशिरापर्यंत चालला, मधले दार उघडे राहिले. विज्ञानावर माझी श्रद्धा आहे. परंतु हवाईची राणी लिलिउओकलानी हिला सन १८९३ मध्ये पदच्युत करून पाच वर्षांनी हे राज्य खालसा केल्यावर ज्या जमिनी सरकारजमा झाल्या, त्यांतच या माथ्याची गणना होते. संमती कोणाची घेतली, हा प्रश्न त्यामुळे मला गैर वाटत नाही.

निघण्याच्या सकाळी हॉटेलचे देयक आले. नातीने त्यातील एकूण रकमेवर बोट ठेवून, वडिलांना ऐकू जाईल अशा बेताने, पूउकोहोलाच्या पायथ्याशीच स्पेन्सर नावाचे काउंटीचे उद्यान आहे, तेथे परवाना काढून पुळणीलगत तंबू ठोकता येतो, आणि तो खर्च या रकमेच्या पासंगालाही पुरणार नाही, असे निवेदन केले. नातवाने अनुमोदन दिले; त्याने तेथील शेजारच्या उथळ पाण्यात कासवे किती दिसतात हेही काढून ठेवले होते. जावयांनी हिशेब तपासून पाहिला व तो बरोबर निघाला. माझ्या मुलीने स्नानगृहांची स्थिती कशी आहे, हा एकच मुद्दा उपस्थित केला, आणि त्यावर समाधानकारक खुलासा न मिळाल्याने पुढील वर्षाच्या सुटीचे प्रकरण तूर्त तिच्याकडे प्रलंबित आहे.